हिवाळी अधिवेशनात आपल्या भागाचा प्रश्न कसा लावावा

डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की आमदार निवासाच्या व्हरांड्यात फायली घेतलेली माणसं फिरू लागतात. 'भाऊ, आमचा एवढा विषय सभागृहात लावून धरा.' भाऊ फाइल घेतात, फोटो निघतो, फाइल पीएच्या टेबलावर जाते आणि तिथंच अधिवेशन संपतं. यात भाऊंचा दोष थोडा आणि वेळेचा जास्त. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. १९५३च्या नागपूर करारामुळं वर्षातलं एक अधिवेशन आपल्या शहरात होतं हे खरं, पण विधानभवन घराजवळ आलं म्हणून प्रश्न आपोआप आत जात नाही.

वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना प्रश्न लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. 'जोरदार निवेदन द्या', 'पेपरात बातमी आणा', 'सगळ्या समस्या एकदाच मांडा' हे सल्ले ऐकून कान किटले. मंत्र्यांकडून उत्तर काढायचं असेल तर यातलं काहीही पुरेसं नाही. लागतो तो कागद, आणि त्या कागदावर बेतलेलं एक नेमकं वाक्य.

आधी कागद, मग आमदार

माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. ते टळले की अपील, त्याचे आणखी दिवस. म्हणून हिवाळी अधिवेशनासाठीचा अर्ज पोळ्याच्या सुमारास गेला पाहिजे. मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' म्हणून गळा मोकळा करायचा तो करा, पण त्याच आठवड्यात अर्जही टाका. अर्जात 'का' विचारू नका. कारणं मागितली की 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं पत्र येतं. नोंदवही मागा, पत्रांच्या प्रती मागा, मंजूर पदं आणि भरलेली पदं मागा.

प्रश्न कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे हे विधिमंडळ सचिवालय आमदारांना कळवतं. ती तारीख पीएकडून विचारून घ्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येतात हे धरून चाला.

कोणाचं खातं ते पाहा

निम्मे प्रश्न इथंच वाया जातात. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, म्हणून लोक सरळ आरोग्यमंत्र्यांच्या नावानं प्रश्न लिहितात. ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, त्यांचं खातं वैद्यकीय शिक्षण. डागा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचं. महापालिकेचा दवाखाना असेल तर नगरविकास. मिहानमधलं एम्स केंद्राचं, त्यावर विधानसभेत प्रश्न स्वीकारलाच जाणार नाही, तो खासदारांकडून लोकसभेत गेला पाहिजे. रस्त्यांचंही तसंच. एकाच रस्त्याचा एक तुकडा महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकामचा आणि पुढचा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. खड्डा कोणाच्या हद्दीत आहे हे आधी ठरवा. एसटी परिवहन खात्याकडं, शहर बस महापालिकेकडं. वीज ऊर्जा खात्याकडं.

खातं चुकलं की प्रश्न एका विभागातून दुसऱ्या विभागात हस्तांतरित होत फिरतो आणि तोवर अधिवेशनाचं सूप वाजतं. नागपूरचं अधिवेशन लांब नसतं. २०२४चं १६ ते २१ डिसेंबर एवढंच चाललं, आणि खातेवाटप २१ तारखेला झालं.

तारांकित, अतारांकित की लक्षवेधी

मंत्र्यांना उभं करून उपप्रश्न विचारायचे असतील तर तारांकित. नुसती आकडेवारी हवी असेल तर अतारांकित, त्याला लेखी उत्तर मिळतं. अधिवेशन चालू असताना काही घडलं तर लक्षवेधी सूचना, विधानसभेत ती नियम १०५ खाली दिली जाते. सगळ्यांनाच लक्षवेधी हवी असते कारण ती बातमीत येते. सहा महिने बंद पडलेल्या यंत्रासाठी लक्षवेधी मागू नका.

आपल्या मतदारसंघाचा आमदार ऐकत नसेल तर विधान परिषद आहे. शिक्षकांचे पगार, महाविद्यालयं, परीक्षा असा विषय असेल तर नागपूर विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांकडं जावं. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८. जिथं गर्दी कमी तिथं विषयाला जागा मिळण्याची शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे.

पहिलं कलम

आता खरं काम. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' असं म्हणून कलमं सुरू होतात. कलम एक: अमुक घडलं, 'हे खरे आहे काय'. कलम दोन: 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय'. कलम तीन: 'असल्यास, चौकशीत काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली'. कलम चार: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'.

विधिमंडळाच्या छापील याद्या उघडून बघा. शेकडो प्रश्न याच साच्यात, आणि त्यांच्याखाली उत्तरही एकाच साच्यातलं: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' महिनाभराची मेहनत दोन ओळींत संपते. या दोन ओळींनी मला सुरुवातीला फार छळलं. खोटं बोलतात, असं वाटायचं. पुढं उत्तर कसं तयार होतं ते कळलं आणि राग जागेवर आला.

प्रश्न सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडं जातो. तिथून संचालनालय किंवा आयुक्तालय, तिथून जिल्ह्याचं कार्यालय, आणि शेवटी ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच कार्यालयाच्या टेबलावर. 'एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आहे, आजच माहिती पाठवा' म्हणून फोन येतो. तिथला लिपिक माहितीचा मसुदा करतो, साहेब सही करतात आणि तो कागद उलट्या वाटेनं वर चढतो. मंत्री सभागृहात जे वाचतात त्याचं मूळ त्या लिपिकाच्या मसुद्यात असतं. लिपिक तुमच्या वाक्यात एकच गोष्ट शोधतो: कुठलाही एक शब्द असा आहे का, जो काटेकोरपणे खरा नाही? सापडला की संपूर्ण वाक्य 'खरे नाही'.

समजा एका सरकारी रुग्णालयातलं सीटी स्कॅन बंद आहे. लोक लिहून आणतात: 'रुग्णालयातील यंत्रसामग्री अनेक महिन्यांपासून धूळखात पडून असल्याने गोरगरीब रुग्णांचे अतोनात हाल होत असून खासगी केंद्रांचे उखळ पांढरे होत आहे, हे खरे आहे काय.' वाचायला झणझणीत, आणि लिपिकाच्या हाती आयतं कोलीत. यंत्रसामग्री? एक्स-रे चालू आहे. अनेक महिने? मध्ये दोन दिवस यंत्र चाललं होतं. हाल? पर्यायी व्यवस्था केली आहे. उखळाचं तर विचारूच नका, आरोप आणि विशेषणं असलेला मजकूर सचिवालयच कापतं किंवा प्रश्नच नाकारतं.

हेच कलम असं लिहावं: 'सदर रुग्णालयातील सीटी स्कॅन यंत्र दिनांक अमुक पासून बंद असल्याचे व त्याच्या दुरुस्तीकरिता निधी मिळण्याबाबत रुग्णालय प्रमुखांनी दिनांक अमुक च्या पत्रान्वये संचालनालयास कळविले आहे, हे खरे आहे काय.' आता 'खरे नाही' लिहायचं तर साहेबांना स्वतःचीच सही नाकारावी लागेल. ते कोणी करत नाही. माहिती अधिकारात पत्राची प्रत आधी काढून ठेवायची ती एवढ्यासाठी. पेपरच्या कात्रणावर प्रश्न बेतू नका. 'बातमी वस्तुस्थितीस धरून नाही' हे उत्तर पाठ झालेलं असतं.

'माहे ऑक्टोबरमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले' ही शब्दरचना तुम्हाला याद्यांत जागोजागी दिसेल. तारीख नक्की माहीत नसताना ती सोयीची वाटते. माझ्या मते ती टाळावी. ती तुम्हाला मोकळीक देते तशी विभागालाही देते.

कलम एकमध्ये एकच वस्तुस्थिती ठेवा. यंत्र बंद, डॉक्टर नाहीत आणि औषधं बाहेरून आणावी लागतात, हे तिन्ही एका वाक्यात कोंबले की तिन्हीतली सगळ्यात कच्ची बाजू बाकीच्या दोघांना घेऊन बुडते. तीन विषय असतील तर तीन प्रश्न, तीन आमदार.

यापुढची युक्ती कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. 'असल्यास' या शब्दानं सुरू होणारं प्रत्येक कलम पहिल्या कलमावर लटकलेलं असतं. पहिलं पडलं की सगळी पडतात. म्हणून निदान एक कलम स्वतःच्या पायावर उभं करा: 'सदर यंत्रावर माहे जून ते सप्टेंबर या कालावधीत प्रतिमहा किती तपासण्या करण्यात आल्या.' इथं 'असल्यास' नाही, 'खरे आहे काय' नाही. आकडाच द्यावा लागतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या रकान्यांत शून्य आलं तर पहिल्या कलमाला काय उत्तर दिलं याला महत्त्व उरत नाही. त्याच धर्तीवर मंजूर निधी, वितरित निधी, खर्च झालेला निधी असे तीन वेगळे आकडे मागा. नुसतं 'किती निधी दिला' विचाराल तर मंजुरीचा आकडा तोंडावर फेकला जातो, आणि मंजूर पैसा तिजोरीतून निघालेला असतोच असं नाही.

चौथं कलम, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत', सवयीनं लिहिलं जातं. त्याला काही अपवाद सोडले तर 'प्रश्न उद्भवत नाही' हेच उत्तर मिळतं. ती जागा मी मुदतीसाठी वापरतो: 'सदर यंत्र कोणत्या दिनांकापर्यंत कार्यान्वित करण्यात येणार आहे.'

इतकं करूनही 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर येऊ शकतं. नवखे आमदार ते वाचून नाराज होतात. मला विचाराल तर याच्याइतकं उपयोगी उत्तर दुसरं नाही. पहिला उपप्रश्न तयारच मिळाला: कोणता अंश खरा?

एक धोका तरीही राहतो. सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून यादीत एकाच प्रश्नावर आमदारांच्या नावांची लांब रांग दिसते. तुमचं घासूनपुसून केलेलं वाक्य त्यात ढोबळ होऊन बाहेर पडू शकतं. विषय जितका विशिष्ट, तितकी ही शक्यता कमी. 'नागपूर जिल्ह्यातील आरोग्यसेवा' हा विषय दहा जण देतात, एका रुग्णालयातलं एक यंत्र दुसरा कोणी देत नाही.

आणि ठेकेदारांच्या भांडणात पडू नका. निविदा न मिळालेला माणूस उत्तम कागदपत्रं घेऊन येतो, हे मला ठाऊक आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २००५च्या डिसेंबरात ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती. कागद कितीही खरा असला तरी तो कोणाच्या खिशातून आला हे आमदाराला सांगून टाका.

सभागृहातली पाच मिनिटं

छापील उत्तर हाती आलं की आमदाराला एक पान द्या. फाइल देऊ नका, ती उघडली जात नाही. पानावर तीन उपप्रश्न, प्रत्येक एका वाक्याचा, मोठ्या अक्षरात. भाषणानं सुरुवात केली की अध्यक्ष 'प्रश्न विचारा' म्हणून थांबवतात आणि तोवर पुढच्या बाकावरचा हात वर गेलेला असतो. बाजूला कागदपत्राचा दिनांक लिहून ठेवा, म्हणजे मंत्र्यांनी नकार दिला तर आमदाराला पत्राचा हवाला जागच्या जागी देता येतो.

मंत्री 'तपासून पाहू' म्हणाले तर आमदारानं 'किती दिवसांत?' विचारावं. 'दालनात बैठक घेऊ' म्हणाले तर बैठकीची तारीख अधिवेशन संपण्याच्या आतली मागावी, कारण मुंबईतल्या दालनात नागपूरचा विषय गेला की त्याच्यामागं गाडीभाडं आपलं. उत्तर अगदीच अर्धवट असेल तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती अध्यक्षांकडं करता येते. हे आमदाराला आदल्या रात्री सांगून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

प्रश्न यादीत खाली असेल आणि प्रश्नोत्तराचा तास संपला, तर तोंडी चर्चा होत नाही, पण छापील उत्तर मिळतंच. म्हणून कलमं अशी लिहावीत की उपप्रश्न झालाच नाही तरी हातात काही पडेल.

उत्तरानंतर

उत्तरात 'करण्यात येईल' असं क्रियापद आहे का ते बघा. ते आश्वासन असतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' याला आश्वासन म्हणून धरून बसू नका. उत्तरातून नवाच मुद्दा निघाला असेल तर आमदार अर्धा तास चर्चेची सूचना देऊ शकतात.

मग पुन्हा माहिती अधिकाराचा अर्ज, या वेळी एका ओळीचा: 'तारांकित प्रश्न क्रमांक अमुक याच्या उत्तरात नमूद केलेल्या कार्यवाहीबाबतच्या सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात.' प्रश्न क्रमांक लिहिलेला अर्ज कार्यालयात जरा वेगळ्या हातानं हाताळला जातो. अधिवेशन संपल्यावर लगेच टाका, म्हणजे मुंबईतल्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या प्रश्नांसाठी कागद तयार असतील.