अज्ञान, सज्ञान आणि एक सही: इंदूरच्या घरात कमी पैशात फॅमिली फिल्म कशी करायची

भिया, मुलं मोठी होतात त्यावर फिल्म करायचीय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला मी आधी सांगतो की ते "मोठं होणं" कागदावरून खोडून टाक आणि तिथं एक तारीख लिही. तारीख नसली की मुलगा गच्चीवर जाऊन सूर्यास्त बघत बसतो आणि आपण त्याच्या पाठीमागून शॉट घेत बसतो, अशा फिल्म मी स्वतः दोन केल्यात, घरच्यांनीही पूर्ण बघितल्या नाहीत.

तिसऱ्या वेळेस तारीख धरली. मुलगी १७ वर्षं ११ महिन्यांची. रामबागेतलं जुनं घर, आजोबांच्या स्वतःच्या कमाईचं, आणि जाताना मृत्युपत्रात एक हिस्सा नातीच्या नावावर करून गेले. आता काकाला घर बिल्डरला द्यायचंय. १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायद्यात असं आहे की मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता आईवडिलांनासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विकलीच तर मूल १८ चं झाल्यावर (मुदतीच्या वेगळ्या कायद्याप्रमाणे) ३ वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करायला दावा लावू शकतं. मग काका म्हणतो, कोर्टाच्या चकरा कोण मारणार, थांबू महिनाभर, पोरगी सही करेल. बस. जिला कालपर्यंत "तू मधे बोलू नको" होतं तिच्या पोह्यांवर आज जास्तीची सेव पडून राहिलीय, आणि तिला कळत नाहीये की हे लाड कशाचे. कायद्याच्या मराठीत अशा मुलाला "अज्ञान" म्हणतात आणि १८ झाले की "सज्ञान", आपल्याकडे कागद हिंदीत म्हणून काका "नाबालिग" वाचतो आणि आजी विचारते, म्हणजे अज्ञान ना रे? हा सीन आम्हाला लिहावाच लागला नाही, आमच्याच घरात झाला होता.

तुमच्याकडे घराची भानगड नसेल तर दुसरं काही शोधा, पण असं शोधा की त्या वयाशिवाय ते होऊच शकत नाही. लायसन्स, मतदान, बँकेतलं आईबरोबरचं खातं स्वतःचं होणं, काहीही. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा, २० पानांच्या पुढे जाऊ नका.

भाषेचं मात्र ऐकाच. इथली पोरं फिल्म लिहायला बसली की अचानक सदाशिव पेठेत राहायला जातात. कशाला? घरात आपण "काय करून राहिली" असंच म्हणतो ना, आजीशी मराठी, बाबांशी अर्धं अर्धं, मैत्रिणीशी फोनवर सरळ हिंदी. मुलगी कोणाशी कोणत्या भाषेत बोलते यावरच कळतं की ती कोणापासून लांब चाललीय. आमच्या फिल्ममधे ती काकाला शेवटचं "नाही" हिंदीत म्हणते, त्यावर आजी जी बघते, तो अख्ख्या फिल्ममधला माझा आवडता शॉट आहे.

कलाकार शोधायला लांब जायची गरज नाही, सानंदच्या (मराठी नाटकं आणणारी इथली संस्था) नाटकांना येणाऱ्यांमधे हौशी नट भरपूर सापडतात. प्रॉब्लेम एकच, नाटकवाला माणूस शेवटच्या रांगेसाठी बोलतो. त्याला "हळू बोला" सांगून काही होत नाही, हातात काम द्या. मटार सोलायला लावा, चष्मा पुसायला लावा, आवाज आपोआप खाली येतो. मुलीच्या रोलसाठी १८-१९ ची घ्या, लहान दिसते तेवढं पुरे. घरात छोटा भाऊ दाखवायचा असेल आणि तो १४ च्या आतला असेल तर नियम आहेत, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, शिवाय आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आम्ही छोटा भाऊ उडवून टाकला, त्याची सायकल तेवढी ठेवली.

कॅमेरा फोनचा चालतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात शटर स्पीड १/५० सेकंदावर लॉक करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर फडफडत राहते. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही लॉक, नाहीतर आई खिडकीसमोरून गेली की सगळं घर निळं. लाइट भाड्याने आणू नका, जुन्या घरात सकाळी चौकातून येतो तो प्रकाश पैशाने मिळत नाही, फक्त तो दीड-दोन तासच असतो म्हणून महत्त्वाचा सीन तेव्हाच घ्या.

पैसे घालायचे ते आवाजात. दोन कॉलर माइक घ्या. पंखे बंद, फ्रिज बंद (आणि फ्रिजमधे कारची चावी ठेवा म्हणजे परत चालू करायला विसरणार नाही, आमचं दोन लिटर दूध गेलं तेव्हा सुचलं). कचरा गाडी किती वाजता येते ते गल्लीत आधी विचारून ठेवा, तिचं गाणं टेकमधे आलं की काही करता येत नाही. आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटमधे सांधे झाकायला तीच लागते.

सराफ्याचा, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराचा, मोह सगळ्यांनाच होतो. आम्हालाही काका पुतणीला रात्री गराडू (तळलेला कंद) खायला नेतो आणि तिथं सहीचा विषय काढतो असं हवं होतं. पण तिथली गर्दी, तव्यांचा आवाज, आणि प्रत्येक दुसरा माणूस कॅमेऱ्यात बघणार. म्हणून लांबून, दोघांच्या पाठीमागून, फक्त चालताना घेतलं आणि बोलणं दुसऱ्या दिवशी घरी गादीवर बसून रेकॉर्ड केलं, ओठ दिसतच नाहीत तर कोणाला काय कळणार. राजवाड्यासमोरचा शॉट टाकूच नका, तो लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना द्या.

एडिट दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमधे होऊन जातं. थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागेल, घरच्यांना दाखवायला लागत नाही. आणि आधी घरच्यांनाच दाखवा, पण तुम्ही पुढे बसू नका, मागे बसा आणि लिहून ठेवा की कोण कोणत्या मिनिटाला फोन काढतं. आमच्याकडे बाबांनी ११व्या मिनिटाला काढला, तो सीन मी कापला. काका शेवटपर्यंत हलला नाही, मग उठून म्हणाला, चहा कोणी ठेवलाय का.