रंगकामाच्या दिवशी काय घालायचं?

गोदाघाटावर स्केचिंगला जायचं असो की घरी कॅनव्हास घेऊन बसायचं असो, सगळ्यात आधी कापड बघा, डिझाईन नंतर. नाशिकची हवा म्हणजे डिसेंबरात सकाळी हुडहुडी आणि दुपारी घाम, त्यामुळे आत पातळ सुती कुर्ता आणि वरून ओपन शर्ट किंवा जॅकेट, ऊन चढलं की काढून कमरेला बांधायचं. एप्रिल-मेमध्ये मात्र नुसतं कॉटन, पॉलिस्टर अजिबात नको, घाम शोषतच नाही ते.

सुती कुर्ता घेताना थोडा सैलच घ्या, पहिल्या धुण्यात आटतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडता आल्या पाहिजेत आणि खिसे हवेतच, पेन्सिल खोडरबर ठेवणार कुठे? आणि अ‍ॅक्रेलिक एकदा वाळलं की कपड्यावरून जात नाही बरं का, ओलं असतानाच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर माझ्यासारखं चांगल्या पांढऱ्या कुर्त्याचं पोतेरं होईल (आता तोच माझा एप्रन आहे).

स्टाईलसाठी एकच गोष्ट ठळक ठेवा. येवल्याच्या पैठणीचा उरलेला काठ साध्या कुर्त्याच्या गळ्याला लावून बघा, भारी दिसतं. पायात कोल्हापुरी चालते, पण पावसाळ्यात नको, चामडं भिजून फुगतं.