नव्या जोडप्याला जेजुरीला नेताना

आमच्या घरात लग्न झालं की सत्यनारायणाच्या आधी जेजुरी. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून नवरा-नवरीला नेऊन आणायचं काम माझ्याकडे आलं. आतापर्यंत चार जोडपी नेली. दरवेळी कोणीतरी फोन करून तेच विचारतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

रविवार खंडोबाचा वार, त्यामुळे गर्दीही त्याचीच. शक्यतो मधला वार धरा. सोमवती अमावास्येला पहिल्यांदा जाऊच नका. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, सोहळा बघण्यासारखा असतो, पण शालू नेसलेल्या पोरीला त्या रेट्यात सांभाळणं अवघड. पुण्याहून हडपसर, दिवेघाट, सासवड असं गेलं की जेमतेम पन्नास किलोमीटर पडतं. सकाळी सहाला निघा. दगडी पायऱ्या उन्हात तापतात आणि वर अनवाणी फिरायचं असतं. रेल्वेनं यायचं तर मिरज मार्गावर जेजुरी स्टेशन आहे.

शालू फोटोपुरता. भंडारा अंगावर पडला की तो कपडा पिवळाच राहणार हे धरून चाला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, चार्जिंगच्या भोकात हळद गेली की संपलं.

भंडारा मी घरूनच नेते, दळून आणलेली हळद. एका वर्षी पायथ्याला घाईत घेतला आणि जावेचे डोळे दुपारपर्यंत चुरचुरत होते. विकतच घ्यायचा तर चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. हळदीचा वास आला नाही तर पुढच्या दुकानात जा.

सोबत तळीचं, म्हणजे देवापुढे ताम्हण उचलायच्या विधीचं, सामान हवं: ताम्हण, विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, सुटी नाणी. नाणी हमखास विसरतात.

गडाला नवलाख पायरी म्हणायची रीत आहे, मोजायला जाऊ नका. नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढल्या तरी रीत पूर्ण होते. आमचे हे अजून सांगतात की अकरा चढलो. सात होत्या. उचललेली मीच होते, मोजल्यात.

अर्ध्या वाटेवर बानूचं देऊळ लागतं. तिथे सगळ्यांना बसवायचं, पाणी द्यायचं आणि गोष्ट सांगायची. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, देवाची लग्नाची बायको. सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौषात अजून त्यांचं लग्न लागतं. एकदा सारीपाटात देव तिच्याशी हरला आणि बारा वर्षं घराबाहेर पडला. धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहिला, मेंढरं राखली, ती मारली, पुन्हा जिवंत केली आणि त्या बदल्यात धनगराची बानू मागून घेतली. तिला घेऊन जेजुरीला आला तर म्हाळसा कुठली ऐकते! म्हणून म्हाळसा वर आणि बानू इथे, अर्ध्यात. मी ही गोष्ट बानूच्या दारातच सांगते. नवी सून हसते, नवरा गप्प होतो, आणि दोघांना देव घरातला वाटायला लागतो.

वर पोचलात की देवळासमोर पितळी पत्र्यानं मढवलेलं मोठं कासव दिसेल. तळी तिथे उचलायची. माणसं विषम हवीत, पाच बरी. ताम्हण मधे, सगळ्यांचे हात त्याच्या काठाला, आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा वर. मग खोबरं-भंडारा उधळायचा. वाऱ्याकडे पाठ करून उधळा, नाहीतर पहिली मूठ आपल्याच तोंडात. पूर्वी तळीला फक्त पुरुष असत. आमच्या घरात गेल्या दोन लग्नांपासून सुनाही हात लावतात, देवाची काही तक्रार नाही.

मणी-मल्लाची कथा गाभाऱ्याच्या रांगेत सांगायला बरी, वेळ जातो. दोघे दैत्य ऋषींना छळत होते, म्हणून शंकरानं मार्तंडभैरवाचं, म्हणजे खंडोबाचं, रूप घेतलं. मार्गशीर्षातल्या पहिल्या सहा दिवसांत युद्ध झालं, म्हणून चंपाषष्ठी. मल्लाचा अरी तो मल्हारी. मणी मरताना शरण आला आणि देवाजवळ जागा मागून घेतली. बकऱ्याचा मान त्याचा, देवाचा नव्हे, असं आमच्याकडे मानतात. वर मांसाचा नैवेद्य नाही, ते सगळं गडाखाली. देवाला पुरणपोळी. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा. त्याआधी चातुर्मासात आम्ही वांगं, कांदा शिवत नाही, त्यामुळे त्या दिवसाचं भरीत काही वेगळंच लागतं.

पायात दम असेल तर कडेपठारही करा. मूळ स्थान ते. एका म्हाताऱ्या भक्ताला तो डोंगर चढवेना म्हणून देव खाली गडावर आला, असं सांगतात. आम्ही गड आधी करतो आणि मग निम्मे लोक ‘पुढच्या वेळी’ म्हणतात. तुम्ही आधी कडेपठार उरका. वर जाताना प्रत्येकी एक पाण्याची बाटली ठेवा.

घरी आल्यावर जागरण-गोंधळ. वाघ्या-मुरळीला महिनाभर आधी सांगून ठेवा, लग्नसराईत मिळत नाहीत. पूजेच्या मांडणीला पाच ऊस लागतात. ऊस नसेल तर ज्वारीची धाटं चालतात, पण ते आधी वाघ्यालाच विचारा, प्रत्येकाची रीत निराळी असते.