ग्रिलमधला मायाळू आणि नातीचे वॉटरकलर

रिटायर झाल्यावर जो तो सांगतो, आता छंद जोपासा. अहो पण नेरुळच्या वन बीएचकेत छंद ठेवायचा कुठे? माझा शेवटी खिडकीच्या ग्रिलमध्ये मावला: तिथे भाज्या लावायच्या आणि त्यांच्या पानांची चित्रं एका वहीत काढायची.

पहिलं सांगते, एप्रिल-मे मध्ये पालक, मेथीच्या नादी लागू नका, ती थंडीची पिकं, उन्हात पटकन फुलावर येतात आणि हातात काही लागत नाही. मायाळू लावा, म्हणजे मांसल पानांची वेलभाजी. विकतची जुडी आणली की पानं भाजीला आणि जाडसर दांडी बाजूला ठेवायची, वीतभर, दोन-तीन पेरं असलेली, ती पाण्याच्या ग्लासात उभी करायची, पाणी एक दिवसाआड बदलायचं, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. मग 12 इंची ग्रोबॅग, म्हणजे झाडं लावायची पिशवी घ्या, निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. बॅग जागेवर ठेवूनच भरा, भरून उचलायला गेलात तर कंबर धरलीच म्हणून समजा. वेल सुतळीने ग्रिलवर चढवा आणि हातभर झाला की शेंडा खुडा, त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत.

लाल माठ अजून सोपा, बी भुरभुरवा, वर मातीचा पातळ थर, 25-30 दिवसांत कापायला येतो. पुदिन्याच्या काड्या नुसत्या खोचा, सावलीच्या बाजूला.

पाणी सकाळी लवकर. आधी बोट खुपसून बघा, आत ओल असेल तर राहू दे. वर नारळाच्या शेंड्या पसरल्या की माती लवकर सुकत नाही. आणि खाली ट्रे हवाच हं, मी ठेवला नव्हता तर खालच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर लाल मातीचा नकाशा उमटला, दोन दिवस लिफ्टमध्ये बोलल्या नाहीत, मायाळूची भजी दिल्यावर बोलल्या.

खायचं म्हणाल तर मायाळू बुळबुळीत लागतो अशी सगळ्यांची तक्रार. तुरीच्या डाळीत घालताना सोबत कैरीच्या चार फोडी टाका, आंबटपणाने ते जाणवत नाही. वर लसणीची चरचरीत फोडणी. पन्ह्याला कैरी उकडून गर काढा, एक वाटी गराला दीड वाटी गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, पितेवेळी गार पाणी. शुगर असेल तर गूळ सोडा, भाजलेलं जिरं, सैंधव आणि ग्रिलमधला पुदिना चुरडून घाला. आमच्या ह्यांना आता तेच आवडतं.

आता वहीचं. भाजी कापायची त्या दिवशी एक पान बाजूला काढायचं. चित्रकला येत नाही म्हणू नका, मला कुठे येते! नातीचे वॉटरकलर घेऊन पानाच्या मागच्या बाजूला जाडसर रंग लावायचा, कागदावर उपडं ठेवायचं, वरून रद्दी पेपर ठेवून अंगठ्याने दाबायचं. माठाच्या शिरा अशा सुरेख उठतात की बस. मायाळूचं पान मांसल, त्याचा नुसता डाग पडतो, त्यामुळे ते पेन्सिलीने काढते, वाकडंतिकडं का होईना. बाजूला तारीख आणि त्या दिवशी काय केलं ते, म्हणजे 'डाळ, मीठ जास्त' असं.

वेल मात्र उन्हाळा संपला म्हणून उपटू नका. पुढे थंडीत त्याला काळीजांभळी फळं धरतात, ती वाटीत चुरडली की गडद जांभळा रस निघतो, ब्रशने रंगवायला झकास. फक्त गाऊनवर सांडू देऊ नका, आणि तो रंग कागदावर टिकत नाही, फिका पडतो, तेव्हा चित्र झाल्या झाल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा.