टेबल पानावरून फाइलीत: आधी ॲरे, मग फॉरमॅट

वेबपानावरचं एचटीएमएल टेबल जावास्क्रिप्टने सीएसव्ही, एक्सेल, जेसन किंवा पीडीएफमध्ये उतरवायचं असेल, तर फॉरमॅट कुठलाही मागितला, तरी मी आधी टेबलचा साधा ॲरे (ओळींची यादी, प्रत्येक ओळीत खान्यांची यादी) करून घेतो. टेबलच्या ‘रोज’मधून एकेक ओळ, तिच्या ‘सेल्स’मधून एकेक खाना, मजकूर ट्रिम करून ॲरेत. मजकुरासाठी ‘इनरटेक्स्ट’ वापरा. ‘टेक्स्टकंटेंट’ खान्यात सीएसएसने लपवलेलं लेबलही उचलून आणतं. ‘कोलस्पॅन’ (एकाच खान्याने अनेक कॉलम व्यापणं) असेल तिथे उरलेली जागा रिकाम्या खान्यांनी भरा, नाहीतर पुढचे आकडे भलत्याच कॉलमखाली जातात. पेजिनेशन (ओळी पानापानांत विभागून दाखवणं) असेल तर डोममध्ये, म्हणजे ब्राउझरने उभ्या केलेल्या पानाच्या रचनेत, बहुधा समोरच्याच ओळी असतात. मग टेबलच्या नादी न लागता मूळ डेटाच घ्या.

आता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने खाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल. कुठल्या खान्यात स्वल्पविराम आहे हे शोधत बसण्यापेक्षा सगळेच खाने दुहेरी अवतरणात घाला आणि आतलं प्रत्येक दुहेरी अवतरण दोनदा लिहा. ही स्ट्रिंग ‘ब्लॉब’मध्ये (ब्राउझरच्या मेमरीतल्या फाइलीसारख्या वस्तूत) टाका, ‘क्रिएट-ऑब्जेक्ट-यूआरएल’ने पत्ता बनवा, ‘डाउनलोड’ ॲट्रिब्यूट असलेल्या लिंकला तो देऊन कोडमधूनच क्लिक करा.

फाइल एक्सेलात उघडली आणि मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसली, तर डेटा बिघडलेला नसतो. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. स्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला बीओएम (ती पद्धत ओळखू देणारं अदृश्य अक्षर) जोडा. एवढंसं अक्षर, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्या तक्रारी आकड्यांच्या. ‘००४२’चं ‘४२’ होतं, आणि एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. हा आकडा नसून मजकूर आहे, हे सांगायची सोयच सीएसव्हीत नाही. असे कॉलम असतील तर शीटजेएस (एक्सेल फाइल बनवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) घ्या आणि ‘टेबल-टू-बुक’ला ‘रॉ’ पर्याय ‘ट्रू’ द्या; खाने मजकूर म्हणूनच जातात. अर्थात मग बेरजेच्या कॉलमचे आकडे स्वतः नंबरमध्ये बदलावे लागतात. एचटीएमएललाच ‘एक्सएलएस’ नाव देण्याची जुनी युक्ती मात्र सोडा. उघडताना एक्सेल इशारा देतं आणि वापरणारा दचकतो.

खान्यातला मजकूर बाहेरच्या लोकांनी भरलेला असेल, तर ‘=’ने सुरू होणारा खाना एक्सेल सूत्र समजून चालवू शकतं. सीएसव्हीत अशा खान्याआधी एकेरी अवतरण लावा. ‘+’, ‘-’, ‘@’ यांनाही तोच नियम, फक्त खऱ्या ऋण संख्या वगळा.

जेसनला काही विशेष नाही: पहिली ओळ कीज (खान्यांची नावं), बाकीच्या ओळींचे ऑब्जेक्ट, ‘स्ट्रिंगिफाय’.

पीडीएफसाठी मी लायब्ररीच्या वाटेला जात नाही. जेएसपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. त्यापेक्षा ‘विंडो-प्रिंट’ बोलवा, प्रिंटच्या सीएसएसमध्ये बटणं लपवा. जोडाक्षरं ब्राउझर नीट मांडतो आणि ‘टीहेड’ असेल तर शीर्षकाची ओळ पुढच्या पानांवरही छापतो.