खांद्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने: नव्या फिजिओथेरपिस्टसाठी

इंटर्नशिपमध्ये खांद्याचा पहिला पेशंट मिळाला तेव्हा मी सगळ्यात आधी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, काढला. आज किती अंश, उद्या किती, एवढाच ध्यास. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे टेंडन) शिवून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि मी हात वर नेण्याच्या मागे लागले होते. सीनियर मॅडमनी शांतपणे विचारलं, "ऑपरेशन नोट वाचलीस?" वाचली नव्हती. फाट मोठी आहे, टेंडन कमकुवत आहे, असं सर्जननी त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सुदैवाने पेशंटला काही झालं नाही, पण मला ती गोष्ट फार लागली. तेव्हापासून नोट वाचल्याशिवाय मी खांद्याला हात लावत नाही.

नोटमध्ये काय बघायचं? कफच्या चारांपैकी कोणता टेंडन शिवलाय ते. पुढच्या बाजूचा सबस्कॅप्युलॅरिस असेल तर हात बाहेर फिरवण्यावर मर्यादा येते. बायसेप्सचा टेंडन नव्या जागी बसवला असेल तर कोपर वाकवून वजन उचलणं काही आठवडे बंद. सारखा निखळणाऱ्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर हिशोबच निराळा.

कफच्या बाबतीत ढोबळ वेळापत्रक असं: 4 ते 6 आठवडे स्लिंग (हाताची झोळी) आणि पॅसिव्ह हालचाल, म्हणजे पेशंटने जोर न लावता दुसऱ्याने हात हलवणं, मग काठीच्या किंवा दुसऱ्या हाताच्या आधाराने, मग स्वतःच्या बळावर, आणि 12 आठवड्यांच्या आसपास ताकदीचे व्यायाम. फाटीच्या आकाराप्रमाणे आणि सर्जनप्रमाणे यात बदल होतो. टेंडन हाडाला पुन्हा धरेपर्यंत सगळा भार टाक्यांवर असतो, हे डोक्यात पक्कं असलं की आठवडे पाठ करावे लागत नाहीत. बोटं, मनगट आणि कोपर मात्र सुरुवातीपासून हलते ठेवा. नाहीतर खांदा सुधारतो आणि कोपर आखडलेलं राहतं.

पॅसिव्ह हालचाल सोपी वाटते, पण मला शिकायला सर्वात जास्त वेळ तिलाच लागला. "हात सैल सोडा" म्हटल्याने कोणी सोडत नाही, कारण पेशंट घाबरलेला असतो. तुमचा एक हात त्याच्या कोपराखाली आणि दुसरा मनगटापाशी ठेवा आणि नुसतं धरून थांबा. हात हलका लागला तर तो अजून स्वतःच उचलून धरतोय असं समजा. दोन-चार श्वासांनंतर वजन तुमच्या तळव्यात उतरतं, हात एकदम जड होतो. तिथून पुढे हलवा. खरा पॅसिव्ह हात जड असतो, हे मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

पेंड्युलमचंही तसंच. पुढे वाकून हात लोंबता ठेवायचा आणि झोका शरीराने द्यायचा. बहुतेक जण हातानेच मोठी वर्तुळं काढतात, मग नुकता शिवलेला स्नायू कामाला लागतो. घरी पाठवण्याआधी एकदा समोर करून घ्याच.

माझ्या मते सर्वात धोक्याचा काळ सहाव्या आठवड्यानंतरचा. स्लिंग निघतं, दुखणं ओसरतं, पेशंटला वाटतं खांदा बरा झाला. टेंडन अजून कच्चाच असतो. या टप्प्यावर मी आधी "दुखतंय का?" विचारत नाही, "कालपासून या हाताने काय काय उचललंत?" असं विचारते आणि उत्तर पूर्ण ऐकते. भरलेली बादली, वरच्या फळीवरची पिशवी, सगळं हळूहळू बाहेर येतं. तेव्हा रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

स्वतःच्या बळावर हात उचलायला लागल्यावर डोळे खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, ठेवा. हात पूर्ण वर जाताना साधारण 120 अंश सांध्यातून आणि 60 अंश खवाट्यातून येतात. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर 90 अंशांचा आकडा लिहून समाधान मानू नका. उंची कमी करा, आरसा समोर ठेवा, खांदा न उचलता जेवढं जमतं तेवढंच करून घ्या.

ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज, अचानक 'कट्' होऊन गेलेली ताकद, खांद्याच्या बाहेरच्या भागाची बधिरता: यातलं काहीही दिसलं की व्यायाम थांबवून लगेच सर्जनना कळवा.

आणि पहिल्याच भेटीत दोन गोष्टी करून दाखवा. झोपताना पाठ थोडी उंच ठेवून कोपराखाली उशी, म्हणजे हात मागे लटकत नाही. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. बटणांचाच शर्ट घालून यायला सांगा आणि तुमच्यासमोर एकदा काढून-घालून घ्या.