पाइपलाइनवरची जनमत चाचणी: बातमीचा मथळा कसा तपासावा

नॉर्दर्न गेटवे या वादग्रस्त पाइपलाइनवर कॅनडा सरकारचा निर्णय तोंडावर आला होता, तेव्हा जून २०१४ मध्ये ब्लूमबर्ग-नॅनोसची एक जनमत चाचणी प्रसिद्ध झाली. अल्बर्टा प्रांतातलं तेल शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावर किटिमॅट शहरापर्यंत न्यायचं, अशी एनब्रिज कंपनीची योजना होती. ब्रिटिश कोलंबियातल्या लोकांपैकी २९ टक्के म्हणाले मंजुरी द्या, ३४ टक्के म्हणाले फेटाळा आणि ३३ टक्के म्हणाले आणखी तपासणी होईपर्यंत थांबा.

आता ३४ आणि ३३ ची बेरीज करा: ‘दोन तृतीयांश जनता प्रकल्पाच्या विरोधात’ हा मथळा तयार. २९ आणि ३३ ची करा: ‘६२ टक्के लोकांना प्रकल्प फेटाळलेला नको’ हाही तयार. आकडे तेच आहेत आणि खोटं कुणीच बोललेलं नाही. मधल्या ३३ टक्क्यांना कुणी आपल्या पंगतीला बसवलं, एवढाच काय तो फरक. म्हणून अशी बातमी वाचताना पहिलं काम हे: मथळ्यातला आकडा बेरजेतून आलाय का ते बघा आणि बेरीज सोडवून मूळचे तुकडे वेगळे मांडा.

मग प्रश्न शोधा, शब्दशः

बातमीत प्रश्न बहुधा नसतोच. चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्ण अहवाल असेल तर त्यात तो सापडतो. तेवढे कष्ट घ्यावेत, कारण सगळी गंमत तिथेच असते.

किटिमॅटचंच बघा. १२ एप्रिल २०१४ रोजी तिथे या प्रकल्पावर सार्वमत झालं. मतपत्रिकेवर ‘पाइपलाइन हवी की नको’ असा साधा प्रश्न नव्हता. प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या संयुक्त परीक्षण समितीने २०९ अटी घालून प्रकल्प मंजूर करावा अशी शिफारस केली होती. त्या शिफारशीला तुमचा पाठिंबा आहे का, असं विचारलं होतं. ‘हो’ म्हणणाऱ्याला प्रकल्प मनापासून हवा होता, की ‘एवढ्या अटी असतील तर चालेल’ म्हणायचं होतं? मतपत्रिकेवरून कळत नाही. निकाल आला तो सुमारे ५८ टक्के विरोधात. आणि शेजारच्या किटामात गावातल्या हायस्ला मूलनिवाशांना मतदानच करता आलं नाही, कारण त्यांचं गाव नगरपालिकेच्या हद्दीबाहेर! ‘किटिमॅटचा कौल’ हे शब्द वाचताना एवढं ठाऊक असायला हवं.

प्रश्न हाती आला की तीन गोष्टी तपासा. आधी रोजगाराचा उल्लेख आहे की तेलगळतीचा? ‘माहीत नाही’ म्हणायची सोय आहे का? आणि याच्या आधी कोणते प्रश्न विचारले होते? पेट्रोलच्या दरावर चार प्रश्न विचारून झाल्यावर पाइपलाइनबद्दल विचारलं, तर उत्तराचा कल बदलू शकतो.

कुणाला विचारलं आणि किती जणांना

ट्रान्स माउंटन ही दुसरी पाइपलाइन अल्बर्टातल्या एडमंटनजवळून ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नाबीपर्यंत सुमारे १,१५० किलोमीटर जाते. एका टोकाला तेलउद्योगातल्या नोकऱ्या, दुसऱ्या टोकाला टँकरची वाढती ये-जा. तिच्या विस्तारासारख्या प्रकल्पाला ‘निम्म्याहून जास्त कॅनडाचा पाठिंबा’ हे वाक्य खरं असूनही फारसं काही सांगत नाही. प्रांतवार तक्ता उघडा.

पण तिथेही सावध राहा. देशभरातल्या १,००० जणांच्या नमुन्यात चूक साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरतात. लोकसंख्येच्या प्रमाणात त्यात ब्रिटिश कोलंबियाचे १३०-१४० लोक येतील. तेवढ्यांवर हीच चूक ८ टक्क्यांच्या पुढे जाते. मग महिन्याभरात तिथला पाठिंबा ४ टक्क्यांनी वाढल्याची बातमी म्हणजे बहुतेक नमुन्याचीच हालचाल. काही संस्था एखाद्या प्रांतातून मुद्दाम जास्त लोक घेतात, तेव्हा आकडा जास्त भरवशाचा होतो. तक्त्याखाली उत्तरं देणाऱ्यांची संख्या दिलेली असते, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑनलाइन पॅनेलवरची, म्हणजे आधीच नावं नोंदवलेल्या लोकांमध्ये घेतलेली चाचणी असेल, तर ‘एवढ्याच आकाराच्या यादृच्छिक नमुन्यात चूक अमुक असती’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. हे तुलनेपुरतं असतं. बातमीत येईपर्यंत त्यातलं ‘असती’ गळतं आणि ‘आहे’ उरतं.

पाठिंबा किती ठाम?

‘ठाम पाठिंबा’, ‘काहीसा पाठिंबा’, ‘काहीसा विरोध’, ‘ठाम विरोध’ अशी चार उत्तरं असतात आणि बातमीत त्यांची दोन होतात. समजा ५५ टक्के बाजूने, ४० टक्के विरोधात. पण बाजूच्यांमध्ये ठाम फक्त १५ असतील आणि विरोधकांमध्ये ठाम ३०, तर रस्त्यावर कोण उतरणार, न्यायालयात कोण जाणार, हे ५५ वरून कळणार नाही. माझ्या मते अशा वादात मथळ्याला खरं तर हेच दोन आकडे लायक असतात, आणि नेमके तेच आतल्या पानावरही दिसत नाहीत.

जुन्या आकड्याशी तुलना

संस्था तीच, प्रश्न तोच, पद्धत तीच असेल तरच ‘वाढला’, ‘घसरला’ म्हणता येतं. एका संस्थेचा फेब्रुवारीतला आकडा आणि दुसरीचा एप्रिलमधला जोडून काढलेली रेघ सोडून द्या. चाचणीचा खर्च कंपनीने केला की पर्यावरण संघटनेने, हेही बघा. पण त्यावरून अहवाल केराच्या टोपलीत टाकू नका. प्रश्न नीट असेल तर आकडा उपयोगाचा असतो.

‘संमती’ शब्द दिसला की थांबा

नॉर्दर्न गेटवेची मंजुरी संघीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली, कारण मूलनिवासी समाजांशी सल्लामसलत अपुरी झाली होती. ट्रान्स माउंटनच्या विस्ताराची मंजुरी २०१८ मध्ये त्याच न्यायालयात अडली. सल्लामसलतीतली उणीव तिथेही होती आणि टँकर वाहतुकीच्या परिणामांचा नीट विचार न झाल्याचा मुद्दाही होता. टक्केवारीचा प्रश्नच नव्हता, सल्लामसलत ही सरकारची घटनात्मक जबाबदारी होती. तेव्हा चाचणीच्या जोरावर ‘प्रकल्पाला जनतेची संमती’ असं कुणी लिहिलं, तर मार्गावरच्या कोणत्या समाजांशी करार झालेत आणि कोण न्यायालयात गेलेत, हे वेगळं शोधावं लागेल. चाचणीच्या तक्त्यात ते मिळणार नाही.